गाडी पुसावी की धुवावी?

फजरनंतर कोणत्याही मोठ्या शहरातल्या बिल्डिंगखाली उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. एक तरुण मुलगा, हातात प्लास्टिकची बादली, खांद्यावर जुन्या बनियनचे किंवा विरलेल्या टॉवेलचे फडके आणि समोर पंधरा-वीस गाड्यांची रांग. आठाच्या आत सगळ्या पुसून व्हायला हव्यात, कारण नंतर मालक कामावर निघतात. फडके बादलीत बुडते, पिळले जाते, बॉनेटवर गोल गोल फिरते आणि पुन्हा त्याच बादलीत जाते. चौथ्या गाडीपर्यंत बादलीतल्या पाण्याला चहाचा रंग आलेला असतो. मालक खाली येतो, गाडी चकचकीत दिसते, सगळे खूश.

हीच गाडी तीन-चार वर्षांनी भर उन्हात उभी करून पाहा. बॉनेटवर जिथे सूर्याचे प्रतिबिंब पडते, त्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांची वर्तुळे दिसतील. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल तर फारच ठळक. मालक म्हणतो, "हल्ली कंपन्या रंगच हलका लावतात." बऱ्याचदा कंपनीच्या रंगात काही दोष नसतो. तीन-चार वर्षांत हजारभर वेळा त्यावरून धुळीचे फडके फिरलेले असते.

आपल्याकडे मध्यमवर्गीय कुटुंबात घरानंतरची सर्वात मोठी खरेदी म्हणजे गाडी. पाच-सात वर्षे हप्ते भरून ती आपली होते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे नीट सांभाळली तर आज शाळेत जाणारा मुलगा उद्या याच गाडीवर चालवायला शिकेल. आणि मध्येच विकायची वेळ आली, तर घेणारा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पत्रा आणि रंगच पाहतो. तेव्हा सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि काय करायचे नाही, हे समजून घेण्यात घराचाच फायदा आहे. त्यासाठी महागड्या डिटेलिंग सेंटरची पायरी चढायची गरज फार क्वचित पडते. बहुतेक काम घरच्या अंगणात, दोन बादल्यांत होते.

रंग म्हणजे तरी किती?

गाडीच्या पत्र्यावर एकावर एक असे थर असतात. आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या शेवटच्या थराची. ऊन, पाऊस, धूर हे सगळे तोच अंगावर घेतो. हे सारे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि त्यातला पारदर्शक थर जेमतेम 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची जी चमक आपण जपू पाहतो, ती केसापेक्षाही पातळ आहे.

आता धुळीकडे पाहू. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. हा खनिज पदार्थ लोखंडी चाकूच्या पात्यापेक्षाही कठीण असतो. त्याच्यापुढे क्लिअर कोट म्हणजे प्लास्टिकच. गाडीवर साचलेल्या धुळीवरून कोरडे किंवा अर्धवट ओले फडके फिरवणे म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. एका दिवसात काही दिसत नाही. चरे इतके बारीक असतात की एकेकटा ओळखूही येत नाही. पण ते सगळ्या दिशांना पडतात आणि दिव्याभोवती किंवा सूर्याभोवती जे चरे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला वर्तुळ दिसते.

जुन्या काळी हे असे नव्हते. अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांना आठवेल की पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. त्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नव्हता, रंगच वरचा थर होता. तो घासून निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. "गाडी घासली की उजळते" ही समजूत त्या पिढीने आपल्याला दिली आणि त्या रंगासाठी ती बरीचशी खरीही होती. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. घासण्याची सवय मात्र अजून ड्युटीवर आहे.

दोन बादल्या

म्हणून पहिला नियम असा की धूळ असेल तर पुसायचे नाही, धुवायचे. आणि धुताना धुळीला आधी पाण्याने सैल करून उतरवायचे, मग हात लावायचा.

वेळ निवडा. ऊन कलल्यावर, असरच्या सुमारास किंवा सकाळी लवकर. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला थंड लागले पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि पाण्याचे डाग बसतात, ते काढताना पुन्हा घासावे लागते. लांबचा प्रवास करून आल्या आल्या तर मुळीच धुऊ नका. तापलेल्या ब्रेकच्या चकतीवर गार पाणी पडलेले तिला चांगले नाही.

दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवता आली तर उत्तम. बाजारात ग्रिट गार्ड नावाने प्लास्टिकची गोल जाळी मिळते. पण भाजी निथळायची, कडेने भोके असलेली प्लास्टिकची चाळण उपडी ठेवली तरी काम तेच होते, माती खाली बसते आणि ढवळून परत वर येत नाही. चाकांसाठी तिसरी छोटी बादली आणि वेगळे फडके. ब्रेकमधून निघणारी काळी भुकटी ही लोखंडाची असते. चाकाचे फडके चुकूनही बॉनेटला लागता कामा नये. सोपा उपाय म्हणजे चाकांचे फडके वेगळ्या रंगाचेच ठेवायचे, म्हणजे मुले मदतीला आली तरी घोटाळा होत नाही.

शाम्पू गाडीचाच वापरा. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेली असते, ती मेणाचा थरही काढून टाकते. पावडरीत तर क्षारही भरपूर. गाडीच्या शाम्पूचे खरे काम फेस करणे नव्हे. तो पाणी निसरडे करतो, त्यामुळे धुळीचा कण रंगात न रुतता फडक्याबरोबर घसरून निघून जातो. एका बाटलीत घरच्या गाडीचे कितीतरी महिने निघतात, म्हणून ही बचत करण्याची जागा नाही.

आधी चाके, मग पूर्ण गाडीवर साधे पाणी. चिखल वाळलेला असेल तर पाणी मारून पाच मिनिटे भिजू द्या. त्यानंतर टपापासून सुरुवात. टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दरवाजांचा खालचा भाग व बंपर, कारण सर्वात जास्त खडे-माती तिथेच असते. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा मऊ मिट मिळतो, तो घ्या. स्पंज नको. स्पंजाला खोलगट जागा नसते, कण त्याच्या पृष्ठभागावरच अडकून राहतात आणि ओढले जातात. हात गोल फिरवू नका, सरळ रेषेत चालवा, दाब हाताच्या वजनापुरताच. एक पत्रा झाला की मिट आधी साध्या पाण्यात खळबळून घ्या, पिळा, मग पुन्हा शाम्पूत बुडवा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जी माती दिसते, ती पाहिल्यावर दोन बादल्या कशासाठी हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी साधे पाणी वरून संथ धारेने सोडा. संथ धार पत्र्यावरचे पाणी आपल्याबरोबर ओढून नेते आणि पुसायचे काम निम्मे होते. पुसण्यासाठी जाड, लव असलेला मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल. तो पत्र्यावर पसरायचा, हळूच ओढून घ्यायचा. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिशय बारीक चिरलेले तंतू. त्यांच्यामधल्या फटींत पाणी आणि धूळ दोन्ही शोषले जाते. फक्त ही फडकी घरच्या सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत. सुताचा लोकर-भुगा त्यांत अडकतो. कपडे मऊ करणारे लिक्विड घातले तर ती पाणी शोषायचीच बंद होतात. आणि फडके जमिनीवर पडले, तर त्या दिवसापुरते ते बाद. झटकून परत वापरायचे नाही.

पाण्याचा हिशेब

आता खर्चाची गोष्ट, पण पैशांची नव्हे. आपल्या नळाला पाइप लावून 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजून पाहा. समजा 100 सेकंद लागले, तर धार मिनिटाला 12 लिटरची झाली. पंधरा मिनिटे पाइप मोकळा सोडून गाडी धुतली की 180 लिटर पाणी गटारात. वर सांगितलेल्या पद्धतीने, मगने पाणी घेऊन, चाकांसकट 50 लिटरच्या आसपास काम होते. वुजूसाठी नळ बारीक सोडायला मुलांना शिकवणाऱ्या घरातच रविवारी अंगणात पाइप सुटलेला असतो, हे पाहून खरेच वाईट वाटते.

मराठवाड्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर. बंगळुरूत 2024च्या मार्चमध्ये पाणीटंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घालून 5000 रुपये दंड ठेवला. टँकर येणाऱ्या वस्तीत गाडी धुणे हा शेजारधर्माचाही प्रश्न आहे.

पाणी फारच कमी असेल तर रिन्सलेस शाम्पू नावाचा प्रकार आता मिळतो. बादलीभर पाण्यात थोडे द्रावण टाकायचे, सात-आठ स्वच्छ फडकी त्यात भिजवायची आणि प्रत्येक पत्र्याला नवे फडके वापरून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचे. वरून पाणी मारायची गरज नाही. 10-15 लिटरमध्ये गाडी होते. चिखलाने भरलेल्या गाडीसाठी ही पद्धत नाही, पण शहरातल्या रोजच्या धुळीसाठी पुरेशी आहे.

बोअरवेलचे पाणी असेल तिथे दुसरीच कटकट. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात, काचेवर तर फार चिवट बसतात. अशा ठिकाणी शेवटचे पाणी तरी साठवलेल्या पावसाचे किंवा नळाचे घ्या आणि गाडी वाळू न देता टिपा. ठिपके बसलेच तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडके ओले करा, मिनिटभर ठिपक्यावर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. त्यानंतर त्या जागी पुन्हा मेण लावावे लागते.

पत्र्याखालचा शत्रू

शहरातल्या माणसाला चमक जाण्याची काळजी असते. कोकणातल्या माणसाने गंजाची करावी. रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात हवाच खारी, त्यात चार महिने धो-धो पाऊस आणि जांभ्याची लाल माती. ती चाकांवरच्या मडगार्डच्या आतल्या कडेला, दरवाजांखालच्या पट्टीत जाऊन बसते आणि स्पंजासारखी ओल धरून ठेवते. गाडी वरून आरशासारखी आणि खालून पोखरलेली, असे खूपदा दिसते. पाऊस असो-नसो, पंधरा दिवसांनी एकदा मडगार्डच्या आत आणि गाडीच्या पोटाखाली पाणी मारून माती काढा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी दरवाजातच साचते आणि पत्रा आतून सडतो. काडीने हलकेच मोकळी करा.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी नेण्याचा जो शौक पर्यटकांत बोकाळला आहे, त्याला आळा घाला. गाडी रुतते ते वेगळेच, पण मीठ नटबोल्टांत, ब्रेकच्या पाइपांवर आणि सायलेन्सरवर बसते. नेली असेलच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

काही ठिकाणी पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल मारायची पद्धत आहे. लोखंडाला तात्पुरते आवरण मिळते हे खरे. पण तेलाने रबरी बुश आणि बूट फुगतात, मऊ पडतात, आणि ते थेंब थेंब जमिनीत, विहिरीच्या झऱ्यात जाते. त्यापेक्षा गॅरेजमध्ये अंडरकोटिंग करून घेतलेले बरे.

मेण केव्हा, पॉलिश केव्हा

या दोन शब्दांत आपल्याकडे फार गोंधळ आहे, आणि त्या गोंधळावर काही दुकाने चालतात. पॉलिश खरवडते, मेण झाकते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खर असते. चऱ्याच्या भोवतालचा क्लिअर कोट ती घासून त्याच्या पातळीला आणते, म्हणून चरा दिसेनासा होतो. म्हणजे दर पॉलिशला त्या 35-50 मायक्रॉनमधून थोडे वजा होते, आणि तो थर गाडीला परत येत नाही. दर सर्व्हिसिंगला बिलात "रबिंग-पॉलिशिंग" लिहिलेले आले की विचारायचे धाडस करा: कशासाठी? पाच-सहा वर्षांत एकदा, चांगल्या हाताकडून, गरज असेल तिथे. एवढे बस.

मेण मात्र वर्षातून तीन-चारदा लावा. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा असतो. ईशान्य ब्राझीलमध्ये एक ताड आहे, कोरड्या मोसमात आपल्या पानांतली ओल उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर चढवतो. ती पाने वाळवून, झोडपून हे मेण काढतात. नैसर्गिक मेणांत ते अतिशय कडक, वितळायला 80 अंशांहून जास्त तापमान लागते. शुद्ध स्वरूपात ते दगडासारखे असते, म्हणून डब्यात येते ते तेले आणि द्रावके मिसळून मऊ केलेले. आपल्या उन्हात ते एक ते तीन महिने टिकते. पॉलिमरचे कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकते आणि लावायलाही सोपे. माझे मत विचाराल तर रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंट, आणि हौस असेल तर ईदच्या आधी त्यावर कार्नोबा.

लावायच्या आधी एक चाचणी करा. धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवरून, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवा. वाळूसारखी खरखर लागली तर ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक रंगाला चिकटून बसला आहे. तो शाम्पूने निघत नाही. त्यासाठी क्ले बार मिळतो, मळलेल्या कणकेसारखा गोळा. शाम्पूचे पाणी शिंपडून, अजिबात न दाबता तो फिरवला की पत्रा काचेसारखा गुळगुळीत होतो. गोळा जमिनीवर पडला की फेकून द्यायचा. हे वर्षातून एकदा पुरे.

मग मेण. लोक ते लोण्यासारखे थापतात. तसे केले की डबा लवकर संपतो, गाडीला जास्त काही मिळत नाही. अगदी पातळ, जेमतेम दिसेल न दिसेल असे, एका वेळी एकाच पत्र्यावर लावा. पाच-दहा मिनिटांनी बोट ओढून पाहा, रेघ स्वच्छ उमटली तर स्वच्छ मायक्रोफायबरने टिपून घ्या. काळ्या, रंग न दिलेल्या प्लास्टिकवर मेण लागू देऊ नका, तिथे पांढरट डाग पडतो. वेळापत्रकाचे म्हणाल तर मृगाआधी एक हात आणि दसऱ्यानंतर एक हात हे चुकवू नये. पावसाचे पाणी पत्र्यावर थेंब थेंब होऊन पळत असेल तर मेण शाबूत आहे, सपाट पसरत असेल तर संपले.

सिरॅमिक कोटिंगविषयी हल्ली खूप विचारले जाते. हा सिलिकाच्या जातीचा कडक थर असतो, नीट लावला तर काही वर्षे टिकतो आणि गाडी धुणे सोपे होते, इतके खरे. "आता चरा पडणारच नाही" हे मात्र खोटे. मळक्या फडक्याने सिरॅमिकवरही रेषा उमटतात. नवी गाडी घेताना शोरूममध्ये हप्त्यात हळूच मिसळून दिलेले कोटिंग घ्यायची घाई करू नका.

पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र थांबू नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात तापून सैल झालेल्या क्लिअर कोटमध्ये काही तासांत खड्डा करते. ओला कागदी रुमाल तिच्यावर पाच मिनिटे ठेवा, मग उचलून घ्या, घासू नका. गाडीत पाण्याची एक बाटली आणि रुमाल यासाठी कायम असावेत. आंबा-चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांनी चिकाचेही असेच ताबडतोब पाहावे, आणि समोरच्या काचेखालच्या खोबणीतली सुकी पानेही दर आठवड्याला वेचावीत. तिथला पाण्याचा मार्ग तुंबला की पावसाचे पाणी सरळ पायाखालच्या गालिच्यात उतरते.

आतल्या बाजूचे थोडक्यात. पायपुसण्या बाहेर काढून झोडपा, व्हॅक्यूमने सीटच्या फटी साफ करा, डॅशबोर्डला ओलसर मायक्रोफायबर पुरे. चकचकीत सिलिकॉनचे स्प्रे मारू नका, त्यांची चमक समोरच्या काचेत उमटते आणि समोरून ऊन आले की रस्ता दिसत नाही. स्क्रीनवर थेट फवारा नको. टायर काळे करणारे लिक्विड फक्त बाजूला, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही, आणि मोटारसायकलच्या टायरला तर मुळीच नाही. घसरून पडायला तेवढे पुरते. बॉनेटखाली प्रेशर वॉशर मारायचा मोहही टाळा, फ्यूजच्या पेटीत आणि वायरिंगच्या जोडांत पाणी शिरले की बिल मोठे येते.

आणि तो सकाळचा मुलगा?

इतके वाचून कोणी म्हणेल, मग उद्यापासून गाडी पुसणाऱ्याला बंद करू. तसे करू नका. दर गाडीमागे मिळणाऱ्या काही शे रुपयांवर त्याचे घर चालते आणि तो त्याला सांगितले आहे तेच करतो आहे. "रोज पुसलीच पाहिजे" ही मागणी आपली आहे. बिल्डिंगमधल्या चार जणांनी मिळून त्याच्याशी बोलावे. "बेटा, रोज नको. आठवड्यातून दोनदाच, पण धुऊन. बाकीचे दिवस फक्त काचा आणि आरसे. पैसे तेवढेच." सहा फडकी आणि एक मिट त्याला आपण आणून द्यावे, आपल्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. शाम्पूची बाटली सोसायटीने सामाईक ठेवावी. त्याचे कष्ट कमी होतात, पाणी तितकेच किंवा कमी लागते, आणि बॉनेट तीन वर्षांनीही उन्हात पाहण्यासारखे राहते. काही ठिकाणी हे सुरू करताना कुरकुर होते, विशेषतः ज्येष्ठांकडून. त्यांना रोज गाडी पुसलेली दिसली नाही की चुकल्यासारखे वाटते. दोन महिने थांबायला सांगा.

ज्यांचे कोणी आखातात आहे त्यांना वाळूचा हा त्रास माहीत असेल. दुबईत धुळीने माखलेली गाडी सार्वजनिक जागी बेवारस सोडली तर 500 दिरहम दंड होतो, त्यामुळे सुट्टीवर निघण्याआधी गाडीची व्यवस्था लावावीच लागते. पण तिथेही वाळूच्या वादळानंतर घाईने कोरडे फडके मारणारे भेटतात, आणि त्यांच्या गाड्याही ओळखू येतात.

एक शेवटची गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. गाडी धुऊन, पुसून लगेच हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी करू नका. ब्रेकच्या चकतीवर ओल राहते, गंजाची पातळ साय धरते आणि ब्रेक तिथेच चिकटून बसू शकतो. धुतल्यावर गल्लीतून एक फेरी मारा, दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबा, म्हणजे चकती कोरडी होते. उभी करताना जमीन सपाट असेल तर गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळा लावा, आणि पुढच्या वेळी चालू करण्याआधी खाली मांजर झोपलेले नाही ना, तेवढे वाकून पाहा.